चादरी गहाण पडलेले घर

जागतिक सिनेमा हा विद्वानांचा प्रांत, अशी माझी अनेक वर्षे समजूत होती. उल्हासनगरच्या कॅम्प ५ मध्ये वाढलेल्या माझ्यासारख्याला सिनेमा म्हणजे गाणी, मारामारी आणि मध्यंतरातला समोसा. ही समजूत मोडली ती मुंबईतील एका फिल्म सोसायटीत पाहिलेल्या व्हित्तोरिओ दे सिका यांच्या 'बायसिकल थीव्हज' (१९४८) या इटालियन चित्रपटाने.

युद्धोत्तर रोममधील बेकार अंतोनिओला पोस्टर चिकटवण्याचे काम मिळते. अट एकच, सायकल हवी. गहाण पडलेली सायकल सोडवण्यासाठी त्याची पत्नी घरातल्या चादरी गहाण टाकते आणि पहिल्याच दिवशी सायकल चोरीला जाते.

हे पाहताना मला आमची वसाहत आठवली. युद्धकाळातील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी असेच संसार पुन्हा मांडले होते. १९४९ मध्ये या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले.

अंतोनिओ साकारणारे लाम्बेर्तो माज्जोरानी हे कारखान्यातले कामगार होते. सेटऐवजी खरा रस्ता आणि नटाऐवजी खरा माणूस, हेच नववास्तववादाचे सूत्र. १९५२ मध्ये भारतातील पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात हा चित्रपट दाखवला गेला. बिमल रॉय यांच्या 'दो बिघा जमीन'वर (१९५३) त्याचा ठसा आहे. म्हणजे हा सिनेमा आपल्याकडे केव्हाच आला होता. ओळख तेवढी राहिली होती.

शेवटी हताश बाप स्वतःच सायकल चोरतो, पकडला जातो आणि लहानगा मुलगा त्याचा हात धरतो. परतीच्या लोकलमध्ये डुलक्या घेणाऱ्या कामगारांकडे त्या रात्री मी प्रथमच नीट पाहिले.