कुडाच्या भिंती, गवताचं छप्पर

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी पाड्यांवर गवताने शाकारलेलं एखादं घर अजून दिसतं. सरकारी दप्तरात ते कच्चं. बांधणी नीट पाहिली की हा शिक्का मला पटत नाही.

घराचा सगळा भार मेढींवर असतो. मेढ म्हणजे वर बेचकं असलेला खांब, सागाचा किंवा ऐनाचा. उंच मेढींच्या बेचक्यांत आढं बसतं आणि त्यावरून दोन्ही अंगांना वासे उतरतात. कूड हा नुसता आडोसा. सात वर्षांनी एकदा फुलणाऱ्या कारवीच्या बोटाएवढ्या जाड काठ्या उभ्या लावायच्या, बांबूच्या आडव्या कांब्यांना बांधायच्या आणि दोन्ही बाजूंनी शेणमाती थापायची. लिंपण वाळलं की त्यावर बोटांचे वळसे तसेच उमटलेले राहतात. भिंत कुठे ढासळलीच, तर तेवढ्या जागी नव्या काठ्या घालून लिंपता येतं. छप्पर हलत नाही.

खरी करामत छपराची. शाकारणी खालून, वळचणीपासून सुरू होते आणि आढ्यापर्यंत चढते. वरचा थर खालच्या थराची बांधणी झाकतो, त्यामुळे पाणी बांधावर थांबत नाही. पाखं चांगलंच उतरतं हवं. सह्याद्रीच्या पायथ्याचा मुसळधार पाऊस आत मुरायच्या आधी निसटला पाहिजे. चुलीचा धूर गवतातूनच झिरपत बाहेर पडतो. त्याने छप्पर कोरडं राहतं, कीडही कमी लागते. इंग्लंडच्या खेड्यांतल्या जुन्या गवती पबांची छपरंही अशीच वळचणीकडून वर चढवतात. त्यांतल्या कित्येकांना तिथे कायद्याने वारसा म्हणून संरक्षण आहे.

या घराचे हालही खरे आहेत. आगीची धास्ती कायमची, पावसाळ्याआधी दरवर्षी डागडुजी, आणि गवत, कारवी, लाकूड यांसाठी जंगलाची वाट. पक्कं घर मागणाऱ्याला जुन्याचं कौतुक ऐकवू नये. नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत कातकरी कुटुंबांना घरासाठी दोन लाख रुपये मिळतात, ते मिळालेच पाहिजेत. पण त्या पैशांत उतरतं छप्पर, पडवी आणि धूर जायला वाट असलेलं घरही बांधता यावं. आराखडे काढणाऱ्या अभियंत्यांनी त्याआधी एकदा वैशाखात पाड्यावर यावं आणि शाकारणी पाहावी.