ब्युटाडाईन पानिपतचे, सायनाइड कुठले?

पानिपतला गेलेला मराठी माणूस काला अंबच्या स्मारकापाशी थांबतोच. १४ जानेवारी १७६१ च्या आठवणीपुढे त्याच परिसरातल्या रिफायनरीकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. तिथल्या नाफ्था क्रॅकरमधून ब्युटाडाईन नावाचा वायू निघतो. पानिपतमध्ये तो कृत्रिम रबरासाठी वापरला जातो. परदेशांतल्या काही कारखान्यांत मात्र ब्युटाडाईनला हायड्रोजन सायनाइड जोडून ॲडिपोनायट्राइल तयार करतात, आणि त्यापासून नायलॉन ६६.

सायनाइडचे नाव निघाले की पहिली शंका येते ती नायलॉनच्या कपड्यांची. ती निराधार आहे. ॲडिपोनायट्राइल हे डायनायट्राइल: मध्ये चार कार्बन आणि दोन्ही टोकांना एकेक नायट्राइल गट, म्हणजे तिहेरी बंधाने जोडलेले कार्बन आणि नायट्रोजन. हायड्रोजनशी अभिक्रिया झाली की ही टोके अमाइन बनतात आणि ॲडिपिक आम्लाशी जुळून त्यांची साखळी होते. वॉलेस कॅरोथर्स यांच्या प्रयोगशाळेत १९३५ मध्ये जन्मलेल्या या धाग्यात नायट्राइल गट उरतच नाही.

म्हणून कच्चा मालही निरुपद्रवी समजणे धोक्याचे. द्रवरूप ॲडिपोनायट्राइल त्वचेतून शरीरात शिरते आणि तिथे त्यातून सायनाइड सुटते. हातमोजे आणि मुखवटा यांच्याबाबत कामगारांनी तडजोड करू नये, आणि मालकांनी तर मुळीच नाही.

पानिपत जुन्या स्वेटरांपासून नवे सूत काढण्यासाठी प्रसिद्ध आहे. लोकर नैसर्गिक, मग तिचा धूर कमी विषारी, ही समजूत इथे महागात पडू शकते. लोकरीच्या प्रथिनांत नायट्रोजन असतोच. जळताना ॲक्रिलिक आणि नायलॉनप्रमाणे लोकरही हायड्रोजन सायनाइड सोडते. कार्बन मोनॉक्साइडच्या जोडीला तो आला की माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. चिंध्यांच्या गोदामाला आग लागली तर नाकाला ओला रुमाल लावून आत शिरणे हे धाडस नव्हे, घात आहे. त्याने हा वायू अडत नाही. त्यासाठी पाठीवर हवेचे सिलिंडरच लागते.

अश्रुधूर हा वायू, हा आणखी एक गैरसमज. त्यातला सीएस हा पदार्थ १९२८ मध्ये अमेरिकेत कॉर्सन आणि स्टॉटन यांनी मॅलोनोनायट्राइलपासून बनवला. तो पांढरा स्फटिकरूप घनपदार्थ आहे. नळकांड्याच्या उष्णतेने तो बारीक कणांच्या रूपात हवेत पसरतो. त्याच्या रेणूत दोन नायट्राइल गट शाबूत असतात, पण डोळ्यांची आग सायनाइडमुळे होत नाही. हे कण तिथल्या मज्जातंतूंनाच चेतवतात. अशा वेळी डोळे चोळू नयेत. मोकळ्या हवेत जावे, कपडे बदलावेत आणि भरपूर पाण्याने डोळे धुवावेत.