उच्चांकापासून खाली आलेला शेअर : स्वस्त की पडका?

शेअर बाजारात नव्याने उतरलेला व्यापारी सर्वप्रथम दोन आकडे पाहतो : ५२ आठवड्यांचा उच्चांक आणि नीचांक. वर्षभरात ५०० रुपये पाहिलेला शेअर २०० वर आला की तो त्याला सेलमधला माल वाटतो. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीसारख्या गावांत कापडाचा धंदा उधारीवर चालतो. सुताचे पैसे द्यायला महिना-दोन महिने अवकाश असला की हातातली रक्कम अशा "स्वस्त" शेअरमध्ये घालण्याचा मोह होतो. देणेकऱ्याची तारीख मात्र शेअरचा भाव वर येईपर्यंत थांबत नाही. म्हणून हा हिशेब आपल्या व्यापारी बांधवांनी नीट समजून घेणे जरुरीचे आहे.

कापडाच्या ताक्याला पडतळ असते. सूत, सायझिंग, मजुरी आणि वीज यांची बेरीज केली की किंमत कळते. बाजारभाव त्याच्या खाली गेला तर माल स्वस्त झाला असे खात्रीने म्हणता येते. नुकसानीत कोणी माग फार दिवस चालवत नाही. माल कमी होतो आणि भाव सावरतो. शेअरच्या उच्चांकामागे अशी कोणतीही पडतळ नसते. वर्षातल्या एखाद्या दिवशी कोणी तरी दिलेली सर्वात जास्त किंमत, एवढाच त्याचा अर्थ. ती किंमत पुन्हा कोणी देईलच, असा करार कोणी लिहून दिलेला नसतो.

दुसरी गोष्ट टक्केवारीची. शेअर ५० टक्के पडला तर मूळ भावावर येण्यासाठी त्याला १०० टक्के चढावे लागते. ८० टक्के पडला तर ४०० टक्के! शिवाय कंपनीने एकास एक बोनस दिला किंवा शेअरचे विभाजन केले, तर भाव आपोआप खाली येतो. जुना उच्चांक त्या प्रमाणात कमी करून घेतला नाही, तर जी घसरण झालीच नाही ती दिसू लागते.

आता एक उदाहरण पाहू. सत्यम कॉम्प्युटर्सच्या शेअरने २००८ मध्ये ५४४ रुपयांचा भाव पाहिला होता. १६ डिसेंबर २००८ रोजी तो २२६ च्या आसपास होता. मेटास कंपन्या विकत घेण्याचा प्रस्ताव जाहीर होताच दुसऱ्या दिवशी तो सुमारे ३० टक्के कोसळून १५८ वर आला. जानेवारीच्या आरंभी भाव १७९ झाला, म्हणजे उच्चांकापेक्षा ६७ टक्के खाली. तो पाहून अनेकांना माल फुकटात मिळतो आहे असे वाटले असेल. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी हिशेबातील हजारो कोटींचा घोटाळा कबूल केला आणि शेअर एका दिवसात ४० च्या खाली बंद झाला. त्याच आठवड्यात त्याने साडेअकरा रुपयेही पाहिले. पुढे एप्रिलमध्ये टेक महिंद्राने कंपनीचा ३१ टक्के हिस्सा ५८ रुपये भावाने घेतला.

घोटाळ्याची बातमी आलेखाला ठाऊक नव्हती, हे खरे. पण विकणारा जोरात आहे, एवढे तो आधीपासून सांगत होता. हे ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत.

पहिली खूण, शिखरे आणि तळ. प्रत्येक उसळी आधीच्या उसळीपेक्षा कमी उंचीवर थांबत असेल आणि प्रत्येक तळ आधीच्यापेक्षा खाली जात असेल, तर मंदी संपलेली नाही. दुसरी, गेल्या २०० दिवसांच्या बंद भावांची सरासरी. भाव तिच्या खाली आणि सरासरीही उतरती असेल, तर घाई करू नये. सत्यमचा शेअर डिसेंबर २००८ च्या आरंभीच या सरासरीच्या खाली होता. तिसरी, उलाढाल. पडताना उलाढाल मोठी आणि चढताना किरकोळ, याचा अर्थ मोठे लोक माल काढत आहेत. चौथी, तुटलेला आधार. जिथे पूर्वी खरेदी होत होती ती पातळी तुटली की तिथेच पुढे अडथळा उभा राहतो. कारण उघड आहे. त्या भावात अडकलेला माणूस मुद्दल सुटताच विकून मोकळा होतो. गोदामात पडून राहिलेल्या मालाचे आपणही तेच करतो.

याच खुणा उलट्या दिसल्या की काय होते? डिसेंबर २०१९ मध्ये १,६०० रुपयांच्या वर गेलेला रिलायन्सचा शेअर २३ मार्च २०२० रोजी पावणेनऊशेच्या आसपास आला. त्या दिवशी सेन्सेक्स ३,९३५ अंकांनी पडला होता. एप्रिलमध्ये फेसबुकने जिओत ४३,५७४ कोटी रुपये गुंतवण्याचे जाहीर केले. महिनाअखेर शेअर १,४०० च्या वर, २०० दिवसांच्या सरासरीच्याही वर गेला. तेव्हा घेणाऱ्याला तळाचा भाव मिळाला नाही. पण त्याच सप्टेंबरमध्ये शेअर त्या वेळच्या भावाने २,३०० च्या पुढे गेला. तळ पकडणे हे व्यापाऱ्याचे काम नव्हे. वळण दिसल्यावर घेणे, हे त्याचे काम.

आलेखही चुकतो. म्हणून घेण्यापूर्वीच किती नुकसानीवर विकायचे तो आकडा वहीत लिहून ठेवावा आणि त्या भावावर बाहेर पडावे. पडत्या भावात पुन्हा पुन्हा खरेदी करून सरासरी उतरवणे म्हणजे न खपणाऱ्या मालाचे आणखी गठ्ठे मागवणे होय. कंपनीचे कर्ज, नफा आणि प्रवर्तकांनी गहाण टाकलेले शेअर ही माहिती आलेखाबरोबरच पाहावी. आणि सुताचे, मजुरीचे किंवा उधारीचे पैसे या बाजारात मुळीच आणू नयेत. ते आपले नसतातच, केवळ काही दिवस आपल्या गल्ल्यात असतात.