बकरीला काय कळतं?

महागावकडे पावसाळा लागला की बकऱ्यांचे हाल सुरू होतात. ओल्या पात्यांवर जंतांच्या अळ्या चढतात, गवतासोबत पोटात जातात आणि तिथं वाढून रक्त पितात. ज्यांच्यासोबत मी धुऱ्याधुऱ्यानं हिंडत होतो, ते काका बकरीची खालची पापणी अंगठ्यानं ओढून आतला रंग बघत. लाल असली की सोडून देत. पांढरीफटक दिसली की नुसती मान हलवत. जनावरांचे डॉक्टरही हीच खूण पाहतात. जबड्याखाली पाणी उतरून सूज लोंबली, तर प्रकरण बरंच पुढं गेलेलं असतं.

अशीच एक फिक्या पापणीची बकरी कळपामागं रेंगाळली होती. पायाशी कोवळं गवत होतं, पण तिनं तोंड लावलं नाही. पुढचे पाय बाभळीच्या खोडाला टेकून ती उभी झाली आणि काट्यांमधून ओठ घालून पाला ओरबाडू लागली.

"तिले समजते जी," काका म्हणाले. "आपल्यालेच उशिरा समजते."

बाभूळ तर धडधाकट बकरीही खाते, त्यामुळे मला ते लगेच पटलं नाही. शिवाय सापाशी झुंजल्यावर मुंगूस मुळी खातं, ही गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकलेली. प्रत्यक्षात मुंगसाला वाचवते ती त्याच्या स्नायूंची रचना. नागाचं विष तिथं नीट चिकटतच नाही. औषध म्हणायचं तर जनावर आजारी हवं, त्यानं सहसा न खाल्लेलं शोधून खायला हवं आणि पुढं त्याला उतार पडायला हवा. टांझानियातल्या महाले डोंगरांत १९८७ साली मायकेल हफमन यांना हे दिसलं. चाउसिकू नावाची आजारी चिंपांझी मादी एका कडूजहर झुडपाची फांदी सोलून आतला गाभा चोखत होती. दुसऱ्या दिवशी ती सावरली. तिथले टोंग्वे लोक पोटदुखीवर तेच झुडूप वापरतात.

पण मेंढ्यांवरच्या प्रयोगांनी काकांची बाजू बळकट केली आहे. जंत झालेल्या मेंढ्यांनी तुरट, टॅनिनयुक्त चारा जास्त खाल्ला आणि जंत कमी होताच ती ओढही ओसरली. बाभळीच्या पाल्यात टॅनिन भरपूर असतं.

गोठ्यात बांधून फक्त ढेप-कुटार घालणाऱ्यांनी बाभळीची एखादी डहाळी पुढं टाकावी, खायचं की नाही ते बकरीवर सोडावं. पापणी पांढरी दिसली, तर मात्र डहाळीवर विसंबू नका. ताज्या लेंड्या घेऊन पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.