विद्यार्थी प्रतिनिधींचे मानधन

विद्यार्थी परिषदेचे काम हौसेचे, त्याला पैसे कशाला, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत मात्र परिषदेच्या अध्यक्षाला मानधन मिळते, काही ठिकाणी शुल्कात सवलत. हा पैसा बहुधा सर्व विद्यार्थ्यांकडून घेतलेल्या उपक्रम शुल्कातून येतो.

ब्रिटन त्याही पुढे गेले आहे. तेथे निवडून आलेले प्रमुख पदाधिकारी शिक्षण वर्षभर थांबवून किंवा पदवी मिळताच पूर्णवेळ पगारावर काम करतात. मात्र १९९४च्या शिक्षण कायद्यानुसार एका संस्थेत अशा पगारी पदावर एकूण २ वर्षांपेक्षा जास्त राहता येत नाही. प्रमुख पदांसाठी मतदान गुप्तच व्हावे, हेही त्यात आहे. पैसा आला की खुर्चीचा मोह येतो. म्हणून ही मर्यादा मला फार महत्त्वाची वाटते.

मानधन नसेल तर काय होते? संध्याकाळी हॉटेलात काम करून शिकणारी मुलगी बैठकांना येऊच शकत नाही आणि पदे सुखवस्तू घरांतल्या मुलांकडे जातात. अर्थात, मानधनामुळे गरजू विद्यार्थ्याची इतर आर्थिक मदत घटू शकते. ते आधी तपासावे. आणि रक्कम वाढवायची झाल्यास ती पुढच्या परिषदेपासूनच लागू व्हावी. स्वतःचे मानधन स्वतःच वाढवणे गैर आहे.