राकूच्या भांड्यांवरचे रंग कोठून येतात?

मातीच्या कलावस्तूंच्या प्रदर्शनात कधी कधी एखादे विलक्षण भांडे पाहायला मिळते. एका बाजूला मोरपंखी निळसर हिरवा रंग, मध्ये घासलेल्या तांब्यासारखी चमक, तिच्या कडेने जांभळट लाल छटा आणि जेथे झिलई लावलेली नाही तेथे कोळशासारखा काळा रंग. अशी भांडी बहुधा 'राकू' पद्धतीने भाजलेली असतात. ती पाहून मुले हमखास विचारतात, "याला किती रंग लावले असतील?" बहुतेक वेळा याचे खरे उत्तर 'एकच' असे असते, आणि तो म्हणजे कॉपर ऑक्साइड. मग बाकीचे रंग आले कोठून? आपण नववी-दहावीला ऑक्सिडीकरण आणि क्षपण शिकवतो, पण ते फळ्यावरच्या समीकरणांपलीकडे फारसे जात नाही. या भांड्यावर मात्र तो धडा डोळ्यांना दिसतो.

आधी कृती पाहू. भांडे घडवून, वाळवून एकदा कच्चे भाजून घेतात. मग त्यावर ग्लेझ, म्हणजे काचेची झिलई देणारा लेप लावतात. या लेपात वाळू, वितळण साधणारी द्रव्ये आणि थोडे कॉपर ऑक्साइड असते. भांडे भट्टीत ठेवून सुमारे १००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. लेप वितळून चकाकू लागला की लालबुंद भांडे लांब चिमट्याने सरळ बाहेर काढतात. नेहमीची भट्टी आपोआप निवायला कित्येक तास लागतात. येथे ते थांबणे नाही. भांडे लगेच लाकडाचा भुसा, वाळलेली पाने किंवा कागदाचे कपटे भरलेल्या डब्यात टाकतात. भडका उडतो, आणि त्याच क्षणी डब्यावर झाकण बसवतात.

खरी गंमत झाकणाखाली घडते. भुसा जळतच असतो, पण डब्यातला ऑक्सिजन क्षणात संपतो. अपुऱ्या ऑक्सिजनमुळे कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन आणि काजळी तयार होते. हे सारे ऑक्सिजनसाठी 'भुकेले' असतात. हवेतून मिळेना, तेव्हा ते झिलईतल्या कॉपर ऑक्साइडमधून ऑक्सिजन ओढून घेतात. झिलई अजून मऊ असल्याने हे शक्य होते. ती घट्ट झाली की दार बंद.

तांब्याच्या अणूंजवळ किती ऑक्सिजन उरला, यावर रंग ठरतो. भरपूर ऑक्सिजन असताना झिलईत तांब्याचे क्युप्रिक आयन असतात. ते हिरवा रंग देतात, आणि झिलईत सोडियम-पोटॅशियमसारखी अल्कली जास्त असेल तर सुंदर निळा. थोडा ऑक्सिजन गेला की क्युप्रस आयन उरतात. त्यांना स्वतःचा रंग नसतो, हे आपल्या ध्यानात सहसा येत नाही. आणखी क्षपण झाले की तांब्याचे किंवा क्युप्रस ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण काचेत विखुरतात आणि लाल रंग दिसतो. पृष्ठभागावरच शुद्ध तांबे सुटले, तर धातूची चमक येते. झाकण किंचित लवकर उघडले तर हवा आत शिरते, त्या तांब्यावर पुन्हा ऑक्साइडचा पातळ पापुद्रा चढतो आणि साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे इंद्रधनुषी रंग उमटतात. भांड्याची एक बाजू भुशात रुतलेली, दुसरी थोडी उघडी. म्हणून एकाच भांड्यावर हे सगळे टप्पे शेजारी शेजारी राहतात.

हे वर्गात दाखवायला भट्टी नको. तांब्याच्या तारेवरचा लाखेचा थर पॉलिश पेपरने काढा आणि तिचे दोन-तीन वेढे करून चिमट्यात धरा. स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीच्या बाहेरच्या भागात ती तापवून बाहेर काढा. तार काळी होते. हे कॉपर ऑक्साइड. आता तीच गरम तार वातीच्या लगत, ज्योतीच्या आतल्या अंधूक भागात न्या. तेथे न जळलेली स्पिरिटची वाफ असते. काळी तार बघता बघता लखलखीत होते! बाहेर काढली की पुन्हा काळी. प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा आणि स्पिरिटची बाटली दूर ठेवावी. राकूची भट्टी मात्र शाळेत लावण्याच्या फंदात पडू नये. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि हे काम जाणकाराने उघड्यावरच करायचे आहे.

झिलई नसलेला भाग काळा का होतो? तेथील सच्छिद्र माती काजळी शोषून घेते. आपल्या कुंभारांना ही युक्ती फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. आव्यात हवा खेळती ठेवली की मातीतल्या लोहाचे फेरिक ऑक्साइड होऊन मडके तांबडे निघते. शेवटी आवा झाकून धूर कोंडला की काळे. विदर्भात माहुरझरी, नायकुंड येथील महापाषाणयुगीन स्थळांवर आतून व काठाशी काळी, बाहेरून तांबडी अशी भांडी सापडली आहेत. ती भट्टीत पालथी ठेवून भाजली असावीत असे मानतात.

राकू हे नाव जपानी असले, तरी भुशात धुरवण्याची ही क्रिया जपानी नाही. सोळाव्या शतकात क्योतोत चोजिरो या कारागिराने चहाविधीचे आचार्य सेन नो रिक्यू यांच्यासाठी हाताने घडवलेले काळे आणि तांबडे वाडगे केले. काळे वाडगे तापलेले असतानाच भट्टीबाहेर काढत, पण पुढे ते उघड्या हवेतच निवत. हे घराणे आजही राकू नावानेच काम करते. २०१९ मध्ये त्याच्या सोळाव्या पिढीने सूत्रे घेतली. इंग्रज चित्रकार बर्नार्ड लीच यांनी १९११ मध्ये तोक्योतील एका मेजवानीत राकू पाहिले आणि ते कुंभकामाकडे वळले. त्यांच्या १९४० च्या पुस्तकातील वर्णनावरून कॅलिफोर्नियाचे पॉल सोल्डनर यांनी १९६० मध्ये प्रयोग केले. मनासारखे काही निघेना, तेव्हा त्यांनी तापलेले भांडे झाडाच्या पानांत टाकून पाहिले. रंगीबेरंगी राकू आहे तो या वाटेने आलेला.

लालबुंद भांडे एकदम थंड हवेत आणले तर ते तडकत कसे नाही? त्याच्या मातीत भाजलेल्या मातीची भरड मिसळलेली असते आणि ते पूर्ण पक्के भाजलेले नसते. एखादी चीर निघालीच तर ती पुढच्या छिद्रापाशी किंवा भरडीच्या कणापाशी अडते. झिलई मात्र मातीपेक्षा जास्त आकसते, म्हणून तिला बारीक तडे जातात. त्यांत काजळी शिरून काळ्या रेषांचे जाळे उमटते. पण ज्या छिद्रांनी भांडे आगीतून वाचवले, त्यांतूनच पाणी झिरपते. फुलदाणी म्हणून वापरायची तर आत काचेची बाटली ठेवावी लागते.

खाण्यापिण्यासाठी तर ही भांडी नकोतच. जुन्या जपानी झिलईत शिसे असे. आजच्या बिनशिशाच्या झिलईतूनही लिंबू, चिंच, ताक यांच्या आंबटपणामुळे तांबे सुटू शकते. ज्या कारणाने आपण पितळेच्या पातेल्याला कल्हई करतो, तेच हे कारण.

आणि ते झगझगीत रंगही कायमचे नसतात. पृष्ठभागावरचे उघडे तांबे काचेने झाकलेले नसते. हवेतला ऑक्सिजन त्यावर सावकाश काम करतच राहतो, आणि काही महिन्यांत किंवा वर्षांत तांबूस-जांभळी चमक मंदावून हिरवटपणाकडे झुकते. काही कलाकार त्यावर पारदर्शक लेप देतात. त्याने वेग कमी होतो. काचेच्या आत अडकलेला लाल रंग तेवढा टिकतो, कारण तेथे हवा पोचत नाही. प्रदर्शनातून असे भांडे घरी आणणाऱ्याने विकणाऱ्याला एवढेच विचारावे, की चमक झिलईच्या आत आहे की वर.