हात मागे बांधलेल्या ताई

शेजारच्या साडेतीन वर्षांच्या मुलाला शंभरपर्यंत अंक लिहिता येतात. पण शर्टाची बटणं त्याला आई लावून देते, चप्पल आजी घालते आणि सांडेल म्हणून पाण्याचा पेला कुणी त्याच्या हातात देत नाही. ते बघून जीव कासावीस व्हायचा. म्हणून मुलं आपली कामं आपणच करतात अशा नाशिकजवळच्या एका बालवाडीबद्दल ऐकलं, तशी मी तिथे जाऊन बसले.

दारातच मेथीचा वास आला. आत चटईवर दोन मुलं भाजी निवडत होती. दुपारच्या खाऊला याच मेथीचे पराठे होणार, हे त्यांना ठाऊक होतं. त्यामुळे एखादं मूळ पानांत गेलं की दुसरा लगेच ते उचलून बाजूला टाकायचा. कुणी सांगायची गरज पडत नव्हती.

मुलं येतात, चपला ओळीत लावतात, फडताळातून हवं ते साहित्य घेतात, काम झालं की जागेवर ठेवतात. सगळ्यांनी एकाच वेळी एकच गोष्ट करायची, असं इथे नाही.

माझी नजर पुन्हा पुन्हा एका मुलीकडे जात होती. चारेक वर्षांची असेल. तिच्यापुढे एक छोटा तांब्या आणि दोन पेले होते. तांब्यातलं पाणी पेल्यांत सारखं ओतायचं, पेले परत तांब्यात रिकामे करायचे आणि पुन्हा सुरुवात. ओतताना तिचे ओठ घट्ट मिटलेले असायचे. एकदा बरंच पाणी सांडलं. मी उठायला लागले, तशी बालवाडीच्या ताईंनी लांबूनच मला बसा म्हणून खूण केली. मुलगी उठली, खुंटीवरचं फडकं घेऊन आली, जमीन पुसली, फडकं बादलीत पिळलं. नीट पिळलं गेलं नाही, तेव्हा पुन्हा पिळलं. मग परत तांब्यापाशी येऊन बसली.

ताईंचे हात तेव्हा पाठीमागे बांधलेले होते. त्या म्हणाल्या, “मोकळे ठेवले की पुढे जातात हो! म्हणून मागे बांधून ठेवते. सुरुवातीला फार जड गेलं.” मग विचारलं, “चाळीसची गोष्ट माहितीय ना तुम्हाला?”

ती गोष्ट रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीतली. मारिया माँटेसरींनी 1907 मध्ये तिथे पहिलं बालघर सुरू केलं. तिथे तीनेक वर्षांची एक मुलगी दट्ट्यापेटी घेऊन बसली होती, लाकडी दट्टे भोकांतून काढून पुन्हा पुन्हा बसवत होती. माँटेसरींनी बाकीच्या मुलांना गाणी म्हणायला लावलं, मुलीला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं, तरी तिचं काम थांबलं नाही. असं किती वेळा केलं त्याची मोजदाद झाली ती चाळीसच्या वर. शेवटी आपल्या मनानेच ती थांबली, आणि दमलेली अजिबात दिसत नव्हती.

दट्ट्यापेटी इथेही आहे. लांबट लाकडी ठोकळ्यात कमीजास्त मापाची दहा भोकं आणि त्यांत बसणारे दहा दट्टे. जाड दट्ट्या बारीक भोकात जात नाही, पण बारीक दट्ट्या मोठ्या भोकात सहज जातो, आणि फसगत होते ती तिथेच. शेवटी एक दट्ट्या हातात उरतो आणि त्याला जागा नसते. एका मुलावर हीच वेळ आली. त्याने ताईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. थोडा वेळ तो तसाच बसला आणि मग त्याने सगळे दट्टे बाहेर काढले. चूक पेटीनेच दाखवली होती. लाल शाईच्या फुलीने मूल खजील होतं, तसं इथे काही झालं नाही.

ही पेटी गावातल्या सुताराने केलेली आहे. त्याने पहिल्यांदा आणलेली ताईंनी परत पाठवली होती, कारण दट्टे सैल होते आणि कुठलाही कुठेही बसत होता. बाकी फडताळात चिंचोके, शिंपले, बाटल्यांची झाकणं. महागडं साहित्य नाही म्हणून काम अडत नाही, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर दाखवून दिलंच आहे. शिंपले, बिया, पानं, खडे हेच त्यांचं साहित्य होतं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली.

पालकांचं मात्र एकच म्हणणं असतं: वही कोरी का? त्यांची काळजी खोटी नाही, पुढच्या शाळेत प्रवेशाच्या वेळी मुलाला लिहायलाच लावतात. पण तीन वर्षांच्या बोटांकडून पानंच्या पानं गिरवून घेणं मला निर्दयपणाचं वाटतं. दट्ट्याची मूठ अंगठा आणि दोन बोटांनी धरावी लागते, पेन्सिलही तशीच धरायची असते. म्हणजे लिहिण्याची तयारी तिथे चाललेलीच असते. ती वहीत दिसत नाही, एवढंच.

पालकांच्या या काळजीवर ताईंनी उपाय योजलाय. पुढच्या महिन्यापासून पालकसभा संध्याकाळी न घेता वर्ग भरलेला असताना घ्यायची. पालकांनी मागच्या चटईवर बसायचं, बोलायचं नाही, आणि आपलं मूल अडलं तरी उठायचं नाही. एका आजोबांनी आत्ताच विचारलंय, पाणी सांडलं तर? ताईंनी त्यांना फडक्याची खुंटी दाखवून ठेवली आहे आणि बजावलंय, की फडकं नातच घेईल, तुम्ही नाही.